गोऱ्याच्या देवळाची किल्ली

गुंडूनं गोऱ्याचं देऊळ विकत घेतलं ही बातमी करीम गवंड्याला दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर निदान त्याला मोकळेपणानं दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. पण सांगायला खुद्द गुंडूच आला. राजदूत फटफटी दारात लावून, चपला बाहेर काढून, पेढ्यांचा पुडा घेऊन. आल्या आल्या त्यानं वाकून करीमच्या पायाला हात लावला.

"उस्ताद, तोंड गोड करा. खरेदी झाली."

"कशाची?" करीमनं पेढा तोंडात टाकत विचारलं.

"गोऱ्याच्या देवळाची की! दुसऱ्या कशाची?"

पेढा करीमच्या तोंडातच राहिला. गिळता येईना आणि पाहुण्यादेखत थुंकताही येईना. आतून रोशनबीनं, त्याच्या बायकोनं, डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "राहायला घेतलंस व्हय रे गुंडू?" तर गुंडू हसून म्हणाला, "व्हय भाभी. घरच करायचंय त्याचं. आनि काम उस्तादांनी करायचं. दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाय मला."

करीमनं अखेर पेढा गिळला. त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं.

गोऱ्याचं देऊळ म्हणजे बावड्याच्या वाटेला, उसाच्या फडांना लागून असलेलं एक लहानसं जुनं चर्च. साहेबाच्या राज्यात पलटणीतल्या गोऱ्यांसाठी बांधलेलं. पुढं गोरे गेले, पलटणही गेली. इथल्या ख्रिस्ती मंडळींची प्रार्थनेची जागा गावात. त्यांना एवढ्या आडरानात यायचं काही कारण नव्हतं. मालकी मुंबईच्या कुठल्याशा ट्रस्टकडं होती आणि त्या ट्रस्टनं पंचवीस वर्षांत एक कौल बदललं नव्हतं. बाकं, घंटा, क्रूस, सगळं पाद्र्यानं रीतसर प्रार्थना म्हणून केव्हाच हलवलं होतं. उरल्या होत्या काळ्या दगडाच्या चार भिंती, निम्मं उडालेलं छप्पर, उंच टोकदार खिडक्या आणि दारावरची कमान. आत वटवाघळं राहायची, आणि उन्हाच्या वेळी कुणाच्या तरी शेळ्या.

करीमचा जीव त्या कमानीत अडकलेला होता. ती त्याच्या आज्ज्यानं, अमीन गवंड्यानं बांधलेली. कमान बांधताना खालून लाकडी सांगाडा देतात, तो कमानीच्या डोक्यावरचा चावीचा दगड बसला की मगच काढतात. तो दगड अमीननं आपल्या हातानं बसवला होता. सांगाडा काढायच्या दिवशी साहेब म्हणाला, एवढी खात्री असेल तर खाली उभा राहा. अमीन उभा राहिला. लाकडं एकेक करून निघाली आणि अमीन वर न बघता विडी ओढत राहिला. ही गोष्ट करीमनं बापाकडून इतक्या वेळा ऐकली होती की, त्या विडीचा वास त्याला यायचा.

आणि अशा आज्ज्याचा हा नातू रविवार पेठेत पत्र्याच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होता. पन्नाशी गाठेपर्यंत त्यानं लोकांची चाळीसेक घरं उभी केली. वास्तुशांतीची टॉवेल-टोपी घ्यायची, जेवायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दारात परका माणूस. करीमचा शब्द मात्र कोल्हापुरात चालायचा. इंजिनियरनं नकाशा काढला तरी मालक हळूच करीमला विचारून जायचा, भिंत धरंल न्हवं? करीम भिंतीवर हात ठेवायचा, बोटांनी वाजवून बघायचा आणि एका शब्दात सांगायचा. तो शब्द कधी खोटा पडला नव्हता.

दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की सायकल काढून तो गोऱ्याच्या देवळाकडं जायचा. पंधरा वर्षं जात होता. पावलांनी मापं घ्यायचा, खिडकीतून येणारं ऊन कुठल्या महिन्यात कुठवर पोचतं ते बघून ठेवायचा. पैसे साठवत होता, ते थोरल्या मुलीच्या, मदिनाच्या लग्नात गेले. पुन्हा साठवायला लागला होता. घाई कशाला? वटवाघळांशिवाय त्या जागेला विचारणारं होतं कोण?

गुंडू होता. आणि गुंडूला ती जागा दाखवली कुणी, तर करीमनंच.

गुंडू बिद्रीकडच्या एका खेड्यातून आलेला. वीस-बावीस वर्षांचा असताना अंगावरच्या कपड्यानिशी कामाच्या जागेवर येऊन उभा राहिला, तेव्हा करीमनंच त्याला विचारलं होतं, "काय पावणं, गाव कंचं?" त्या दिवशी पाहुणा म्हणून आलेला गुंडू महिन्याभरात घरचा झाला. चुना मळायला, पाट्या वाहायला लागला, मग थापी धरायला शिकला. बावड्याकडं एक काम चाललं होतं तेव्हा दोघं दुपारची भाकरी खायला गोऱ्याच्या देवळात बसायचे. भाकरी झाली की करीम कोळशानं फरशीवर रेघा ओढायचा.

"हितनं तुळया टाकायच्या, सागवानी. वर फळ्यांची तक्तपोशी. म्हंजे वर झोपायच्या खोल्या, खाली बैठक. जिना ह्या कोपऱ्यातनं. आनि ती पलीकडची जागा, जितं त्यांचा देव हुता, तितं चूल मांडायची न्हाय. कुनाच्या का देवाची हुईना, जागा हाय ती. तितं निस्ता दिवा लावायचा."

गुंडू तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत राहायचा. आता, 'हे मला घ्यायचं आहे' असं करीम सरळ शब्दांत कधी बोलला नव्हता. गवंड्यानं दगडी देवळात राहायचं म्हटलं तर लोक हसतील, ही भीती त्याला होतीच. पण एवढं न कळायला गुंडू काय दूधखुळा होता? रोज कोळसा घेऊन फरशी काळी करणारा माणूस काय वेडा म्हणून करतो?

पुढं गुंडूचं नशीब फळफळलं. बिद्रीच्या साखर कारखान्याकडं कामगारांच्या चाळींचं काम त्याला मिळालं, मग दुसरं, मग तिसरं. करीम म्हणायचा, माझ्या हाताखालचा पोरगा हाय, आणि मिशीत हसायचा. राजदूत आली तेव्हाही तो हसला. पण राजदूत वेगळी आणि गोऱ्याचं देऊळ वेगळं. ते ऐकल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"न्हाय म्हनून सांग त्याला," तो रोशनबीला म्हणाला. "माझं दुसरं काम चालू हाय."

"कुठलं दुसरं काम?" रोशनबी म्हणाली. "घर त्याचं झालं तर झालं. हात तरी तुमचा लागंल."

तेच तर त्याला सोसणार नव्हतं. तरीही तो गेला, कारण न जाऊन घरात बसणं त्याहून अवघड होतं.

चर्चच्या दारात गुंडू आणि त्याची बायको शालूबाई दोघंही हजर होती. शालूबाई या खिडकीतून त्या खिडकीकडं नुसती भिरभिरत होती. "चाचा, ह्या खिडकीत मी तांदूळ निवडाय बसणार. आनि हितं पाळणा टांगायचा," ती म्हणाली, आणि लाजली. करीमनं बघितलं. ती त्याची खिडकी होती. मार्गशीर्षात ज्या खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातं, ती. तिथं त्यानं मनातल्या मनात रोशनबीला बसवून ठेवलं होतं.

"हितनं तुळया टाकायच्या, सागवानी," गुंडू हात नाचवत सांगत होता. "वर फळ्यांची तक्तपोशी. जिना ह्या कोपऱ्यातनं. आनि शाले, तितं चूल न्हाय बरं का मांडायची. कुनाच्या का देवाची हुईना, जागा हाय ती. निस्ता दिवा."

शब्दन् शब्द तोच. करीमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोरानं चोरी करावी आणि घरमालकालाच ऐवज दाखवावा, आणि वर त्याचं कौतुक मागावं, असं त्याला झालं. पण गुंडूच्या तोंडावर चोराचा मागमूस नव्हता. तो शाळेत पाठांतर म्हणून दाखवल्यासारखा उस्तादाकडं बघत होता. शाबासकीची वाट बघत होता.

"बराबर हाय न्हवं, उस्ताद?"

"बराबर हाय," करीम म्हणाला.

"एकच भ्या वाटतंय. ही चीर बगा."

उत्तरेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली हातभर चीर गेली होती. करीम जवळ गेला. बोट घातलं. आत जुन्या चुन्याची सफेदी होती, म्हणजे चीर पडून गेल्यावर कुणीतरी त्यावरून हात फिरवलेला. त्यावर काजळी, आणि काजळीवर कोळ्याचं जाळं. बांधल्या सालीच पाया जरा बसला असेल, तेव्हा पडलेली ही चीर. भिंत पुन्हा हललेली नाही. गवंड्यांच्या भाषेत मेलेली चीर. तिला घाबरायचं काही कारण नव्हतं आणि हे सांगायला करीमला एक शब्द पुरला असता.

तो शब्द तोंडात आला. मग त्याला शालूबाई खिडकीत उभी दिसली.

"सांगता यायचं न्हाय," तो म्हणाला. "काच लावून बगू. पावसाळा जाऊंदे."

काच लावणं ही गवंड्यांची जुनी रीत. चिरेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे घालून भिंतीला पक्की करायची. भिंत हलत असेल तर काच ताण सोसत नाही, मोडते. पावसाळ्यात जमीन फुगते, तेव्हा खरी परीक्षा. काच टिकली तर भिंत निर्धास्त. करीमनं तीन पट्ट्या लावल्या आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं तारीख ओढली.

गुंडूनं दाराला नवं कुलूप घातलं. त्याची एकुलती एक किल्ली काढून करीमच्या हातात दिली. "मी बिद्रीकडं अडकनार. तुम्हीच बगत ऱ्हावा, उस्ताद. तुम्ही म्हनशीला तसं."

आणि मग करीमच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे चार महिने सुरू झाले. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. आता तो फक्त शुक्रवारी नव्हे, एक दिवसाआड जायचा. दार उघडून आत गेला की आतून कडी घालायचा. पाऊस गळायचा तिथं पत्रे टाकले. वटवाघळांची घाण काढली, फरशी धुतली. त्याखाली त्याच्याच कोळशाच्या जुन्या पुसट रेघा अजून होत्या. त्या मात्र त्यानं धुतल्या नाहीत. एकदा रोशनबीलाही सायकलवर बसवून आणलं. ती त्या खिडकीत थोडा वेळ बसली. मग उठून भिंतीजवळ गेली.

"ही काच व्हय? धड हाय की," ती खुशीत म्हणाली. "चला, पोराचं घर हुईल."

करीमला तिचा राग आला. पोराचं घर म्हणे! काच धड होती, तिन्ही पट्ट्या धड होत्या. आषाढात पंचगंगेला पूर आला, बावड्याच्या रस्त्यावर पाणी आलं, तरी काचेला केसभर तडा नाही. दर खेपेला तो आधी भिंतीकडं जायचा आणि दर खेपेला हिरमुसून परत फिरायचा. आज्ज्याच्या हाताला त्यानं जन्मभर दुवा दिली होती. आता तोच हात त्याच्या वाटेत आडवा आला होता.

दसरा चार दिवसांवर आला. गुंडूचा निरोप आला, दसऱ्याला येतो, काच बघू, मुहूर्तानं तुळया चढवू. सागवान येऊन पडलंसुद्धा होतं. त्या दुपारी करीम देवळात गेला. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि त्याच्या खिडकीतून ते आत यायला लागलं होतं. तो भिंतीपुढं उभा राहिला. मग पिशवीतून थापी काढली, उलटी धरली, आणि लाकडी मुठीनं मधल्या काचेवर एक टिचकी मारावी तितकंच हलकं मारलं. काच वाजली. फुटली नाही. दुसऱ्यांदा त्यानं जरा जोरानं मारलं. मग तिसरीवर, मग पहिलीवर. एक तुकडा अंगठ्यात शिरला.

घरी रोशनबीनं अंगठा बघितला. "काय झालं?"

"काच फुटली भिंतीवरची. भिंत चालतीया."

"मी आलते तवा तर धड हुती."

"भिंतीचं काय सांगता येतंय?"

रोशनबी त्याच्या हाताकडं बघत राहिली. फडकं आणून तिनं अंगठा बांधला.

दसऱ्याला गुंडू नवा सदरा घालून आला. करीमनं दारातच सांगितलं. गुंडूच्या तोंडचं पाणी पळालं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

करीमला वाटलं होतं, तो आत जाईल, तुकडे बघेल, दोन प्रश्न विचारील. उत्तरं तयार होती. पण गुंडू आत गेलाच नाही. तिथंच पायरीवर बसला. "झालं," म्हणाला. "उस्ताद म्हनत्यात म्हंजे झालं." शालूबाईनं मागं वळून पदर तोंडाला लावला. तिला आता पाचवा महिना होता.

 मग करीमनं चार महिने मनात घोळवलेलं वाक्य बाहेर काढलं, अगदी सहज आठवल्यासारखं. "गुंडू, तुला अडचन हुत असंल तर मला दे. पडीक का असंना. हप्त्या-हप्त्यानं फेडतो. मी बगतो त्याचं काय करायचं ते."

गुंडूनं मान वर केली. डोळे भरले होते त्याचे.

"तुम्हाला दिऊ? ही पडाय लागल्याली भिंत? भाभी झोपनार हिच्याखाली? मदिनाची पोरं सुट्टीला येनार, ती खेळनार हितं?" तो उठून उभा राहिला. "उस्ताद, माझं नुकसान हुतंय म्हनून तुम्ही सोताच्या गळ्यात धोंडा बांधून घेताय. मला कळतंय. पर न्हाय. फुकट सुदीक कुनाला द्यायचो न्हाय मी हे. उद्या कोन मेलं तर? पाडायचं आनि ह्याच दगडात खाली साधं घर बांधायचं."

"पाडायचं?"

"तुमच्या देखरेखीखाली. तुम्हीच पाडा, उस्ताद."

करीमनं मान डोलावली. दुसरं काय करणार? भिंत पडणार असं सांगणारा तोच, आणि त्याचा शब्द कोल्हापुरात खोटा पडत नव्हता.

दिवाळी झाल्यावर माणसं आली. गणपती म्हणून त्यांचा मुकादम होता, जुनी घरं पाडण्यात हयात गेलेला. आधी कौलं उतरवली, मग वासे. देवळाच्या डोक्यावर आभाळ आलं तेव्हा करीमला ते उघडं झाल्यासारखं वाटलं आणि त्यानं तिकडं पाठ केली. घरी त्याला भाकरी गोड लागेना. रोशनबी ताट वाढायची आणि शेजारी न बसता उठून जायची. एकदाच ती म्हणाली, "अजून वेळ गेली न्हाय. खरं काय ते सांगून टाका त्याला." त्यावर तो ताटावरून उठला.

पाचव्या दिवशी उत्तरेच्या भिंतीला हात घातला. चीर होती तिथंच पहारी लावायच्या, म्हणजे भिंत आपोआप उकलेल, असं गणपतीनं ठरवलं. आठ माणसं सकाळी लागली. पहार चिरेत घालायची आणि जोर करायचा, तर पहार वाकायची. घण मारला तर दगडाची कपची उडायची, सांधा सुटायचा नाही. बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली मळलेला चुना, त्यात गूळ आणि हिरडा. शंभर वर्षांत तो दगडाहून टणक झालेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठ माणसांनी मिळून एक दगड काढला, आणि तोही फुटून निघाला.

गणपती घाम पुसत गुंडूपाशी आला. "मालक, ही भिंत पडायला झाली हे कुनी सांगितलं? तोफ लावली तर पडायची न्हाय ही. आनि चीर म्हनाल तर माझ्या आज्ज्याच्या वक्ताची हाय ती, मेल्याली."

करीम चार हातांवर उभा होता. त्याचे कान तापले. गुंडू त्याच्याकडं बघेल, आता बघेल, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"गनपा, तू तुझं काम कर," गुंडू जरबेनं म्हणाला. "उस्तादांनी चार म्हैनं काच लावून बगितलंय. आमच्या उस्तादांना शिकवाय लागलास व्हय? त्यांचा शब्द हाय."

एखाद्यानं थोबाडीत मारली असती तरी करीमला एवढं लागलं नसतं. गणपती खांदे उडवून परत गेला. भिंत ऐकत नाही तर कमानीकडून धरू, असं त्यानं माणसांना सांगितलं. चावीचा दगड काढला की कमान बसेल, कमान बसली की दाराकडची भिंत येईल, मग पुढचं सोपं. आतल्या बाजूनं शिडी लावली. एक जण छिन्नी आणि हातोडा घेऊन वर चढला. चावीच्या दगडाच्या सांध्यावर त्यानं छिन्नी टेकवली, नेम धरला आणि पहिला घाव घातला. बारीक चुना झरझर खाली आला.

तो करीमच्या डोक्यावर पडला. कारण करीम कमानीखाली जाऊन उभा होता. कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"उस्ताद, बाजूला व्हा!" वरचा माणूस ओरडला.

"थांबवा," करीम म्हणाला. वर ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं ओरडला, "थांबवा! भिंत चालत न्हाय. कवाच चालत न्हवती. काच मी फोडली."

हातोडा वरच्या वर थांबला. आठही माणसं जागच्या जागी उभी राहिली. गुंडू पुढं आला, कमानीच्या आत, करीमच्या समोर. जणू नीट ऐकू आलं नाही असं त्यानं विचारलं, "काय म्हनला?"

"मी फोडली. थापीच्या मुठीनं. तिन्ही."

"का वो?"

"मला पायजे हुतं हे." करीम म्हणाला. "पंधरा वर्सं पायजे हुतं. तुला सगळं दाखवलं मी. तुळया कुटं, जिना कुटं. तुला ठावं हुतं, आनि तू घिऊन बसलास. माझं घर हुतं ते, गुंडू. जळालो मी. तुज्या बायकोला त्या खिडकीत बगून जळालो."

गुंडूनं वर बघितलं, मग भोवती. वर उघडं आभाळ होतं, बाजूला वाशांचा ढीग, आणि भिंतीतून निघालेला तो एक फुटका दगड.

"मला ठावं न्हवतं," तो हळू म्हणाला. "आईच्यान सांगतो. मला वाटलं, उस्ताद शिकवाय लागल्यात. घर कसं बांधायचं ते. एकदा जरी तोंडानं म्हनला असता, 'गुंडू, हे मला घ्यायचंय', तर ह्या कागदाला हात लावला नसता मी."

करीमनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सांगायचं एवढंच होतं की छप्पर तो पुन्हा घालून देईल, एकही पैसा न घेता, तुळया टाकील, जिना करील, पाळण्याची कडीसुद्धा स्वतः ठोकून देईल. पण गुंडूनं मान फिरवली होती. त्यानं गणपतीला शिडी काढायला सांगितली, माणसांना हत्यारं गोळा करायला सांगितली. मग तो भिंतीपाशी गेला, चिरेत बोट घालून बघितलं, आणि बोटाला लागलेली काजळी धोतराला पुसली.

परत आला तेव्हा त्यानं हात पुढं केला होता. याच हाताला करीमनं थापी धरायला शिकवलं होतं. गुंडूचा आवाज चढलेला नव्हता. रस्त्यावरच्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलावं तसा तो बोलला.

"किल्ली दिऊन जावा, पावणं."

करीमनं आतल्या खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग आज्ज्यानं बसवलेल्या दगडाखालून, वर न बघता, तो बाहेर पडला.